एक पाऊल पूर्वेला

"यात गोल कुठे आहे?"
शाल्मलीने वही माझ्यापुढे सरकवली.
क्ष वर्ग, य वर्ग, मागे संख्यांची वरात,
आणि शेवटी बरोबर शून्य.
मी दहावीपर्यंतचा. माझं वर्तुळ म्हणजे
एक खिळा, एक दोरी,
आणि "ढील देऊ नकोस" म्हणून ओरडणारा कुणीतरी.

म्हणून शुक्रवारी, रास अल खैमा झोपेत असताना,
तिला दल्ल्याच्या राउंडअबाउटवर नेलं.
टेप माझी, वही तिची.
एकोणीस वर्षांपूर्वी हा गोल मी आखला,
मी म्हणजे मुहंदिस इद्रीसच्या हाताखाली
दांडी सरळ धरून उभा राहणारा.
मधोमध पितळी खिळा ठोकला होता.
आता तिथे हिरवळ, पेटुनिया,
आणि दोन पुरुष उंच सिमेंटचा दल्ला,
ज्याने अजून कुणाला कॉफी ओतलेली नाही.

"आरंभबिंदू?" मी विचारलं. शब्द तिचाच, उसना.
"कुठेही घेता येतो, पप्पा."
तिने कुंजालीच्या लाँड्रीची पायरी घेतली.
शून्य, शून्य.
मला वाटलं होतं, त्याला परवानगी लागते.

"केंद्राला हात नाही लावायचा," ती म्हणाली,
"कडेवरचे तीन बिंदू पुरतात."
पूर्वेला किती, उत्तरेला किती,
मी मोजत गेलो, ती लिहीत गेली.
पाच, पंधरा.
तेरा, तीन.
तिसऱ्याला पाण्याचा टँकर आला,
ड्रायव्हरने काच खाली केली, काही विचारलं नाही,
आम्ही थांबलो, तो गेला.
तीस, वीस.
सेंटिमीटर तिने सोडून दिले.
मी सोडले नसते.

मग गाडीच्या बॉनेटवर तीन समीकरणं,
खोडरबराचा चुरा, ऊन मानेवर चढतंय,
आणि तीच वरात पुन्हा, यावेळी आमची स्वतःची:
क्ष वर्ग अधिक य वर्ग
वजा छत्तीस क्ष वजा तीस य
अधिक तीनशे ऐंशी बरोबर शून्य.

"आता बघा."
छत्तीसचं अर्धं अठरा, अठराचा वर्ग इकडे, तसाच तिकडे.
तीसचं अर्धं पंधरा, त्याचंही तेच.
विस्कटलेलं अंथरूण चार कोपरे धरून झटकावं
तशी ओळ सरळ झाली:
क्ष वजा अठरा, त्याचा वर्ग,
य वजा पंधरा, त्याचा वर्ग,
मिळून एकशे एकोणसत्तर.
"तेरा मीटर," मी म्हणालो. दोरीची लांबी
मला अजून पाठ होती.

"पण अठरा पुढे आहे ना पायरीपासून? मग वजा कशाला?"
ती थोडी थांबली. हे तिला कुणी शिकवलं नसावं.
"वजा म्हणजे कमी नाही, पप्पा.
वजा म्हणजे तिथपासून.
कडेवर कुठेही उभे राहा, तिथपासून मोजा,
तेराच येणार. एवढंच म्हणतंय ते."

मग ती हिरवळीत शिरली, दल्ल्याच्या पोटापासून टेप लावली,
बुडाची जाडी हिशेबात धरून.
पूर्वेकडे बारा.
पश्चिमेकडे चौदा.
परत मोजलं. बारा, चौदा.
"माझं चुकलं कुठेतरी."

नाही चुकलं.
पायाचा खड्डा खणताना मधोमध जुनी पाइप लागली होती.
क्रेन भाड्याने, तासावर, दल्ला हवेत लटकलेला.
इद्रीस म्हणाला, एक पाऊल सरकवा,
गाडीत बसून टेप कोण लावतंय?
आणि खरंच कुणी लावली नाही.
मी रोज इथून जायचो.
रोज त्या एका पावलाकडे बघायचं टाळायचो.

हे सगळं मी तिला सांगितलं,
टेप गुंडाळत, जरा जास्तच वेळ लावून.
ती हसली नाही. वहीत अठराखाली रेघ ओढली,
शेजारी लिहिलं: दल्ला, एकोणीस.

निघताना मी गोलाला एक फेरी जास्त मारली,
मग आणखी एक.
स्टिअरिंग एकदा वळवून धरलं ते धरलंच,
तसूभर इकडे नाही, तिकडे नाही.
ती खिडकीतून आत बघत होती,
दल्ल्याकडे नव्हे,
त्याच्या एक पाऊल अलीकडे,
जिथे नुसतं गवत आहे.